पान माझं, कुकी परक्याची. मग पत्र मला का?

‘सहा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे स्टुटगार्टला आले. मुलीचं किंडरगार्टन, घरभाड्याची अनामत, इथल्या पिठाच्या पोळ्या का फाटतात, असं काय काय मराठीत लिहीत गेले आणि त्याचं संकेतस्थळ झालं. महिन्याला चाळीसेक हजार भेटी होतात. तांत्रिक बाजू नवरा बघतो, तीही फक्त रविवारी. २०२२ साली एका वकिलाचं पत्र आलं: तुमच्या साइटवर गूगलचे फॉन्ट आहेत, माझ्या अशिलाच्या खासगीपणाचा भंग झाला, १७० यूरो भरा. घाबरून भरले. मग कुकीची, म्हणजे वाचकाच्या यंत्रात ठेवल्या जाणाऱ्या खुणेची, परवानगी मागणारा बॅनर लावला, तर अ‍ॅडसेन्सचे, म्हणजे गूगल माझ्या पानावर लावतं त्या जाहिरातींचे, पैसे निम्म्याच्याही खाली आले. गेल्या दिवाळीत इथल्या एका मराठी काकूंनी फराळाचा डबा पाठवला, मी कौतुकानं लिहिलं, तर एका वाचकानं खाली टोमणा मारला की ही लपवलेली जाहिरात आहे. भारतातून मधुमेहाच्या चूर्णाची जाहिरात चालून आली आहे, पैसे चांगले देतात. निवडणुकीच्या काळात एका उमेदवाराच्या कचेरीतूनही विचारणा झाली होती. हे कायदे म्हणे गूगल-फेसबुकला वठणीवर आणायला केलेत, मग पत्रं मला का येतात? सर्व्हर उचलून नाशिकला भावाकडे ठेवला तर सुटेन का? की बंदच करू?’
— पोळीवाली, स्टुटगार्ट

पोळीवाली ताई,

नाशिकचं आधी सांगतो, म्हणजे भाऊ सर्व्हरसाठी खोली रिकामी करायच्या आत थांबतील. तो बेत सोडा. २५ मे २०१८पासून लागू असलेला जीडीपीआर, म्हणजे युरोपचा डेटा संरक्षण कायदा, माहिती कुठल्या गावच्या यंत्रात साठवली आहे हे विचारत नाही, पान चालवणारा कुठे बसलाय हे विचारतो. तुम्ही स्टुटगार्टात बसून, तिथल्या माणसांसाठी लिहिता. मग सर्व्हर पंचवटीत ठेवला काय आणि तळघरात ठेवला काय, कायदा तोच. उद्या तुम्ही स्वतः नाशिकला परत गेलात आणि तिथून युरोपातल्या वाचकांना माल विकू लागलात किंवा त्यांच्या हालचाली टिपणाऱ्या जाहिराती दाखवू लागलात, तरीही सुटका नाही. शिवाय भारतात २०२३चा डेटा संरक्षण कायदा आहेच, त्याचे नियमही २०२५च्या नोव्हेंबरात निघाले.

बंद करायची गरज मला दिसत नाही. मात्र पानावर सहा वर्षांत जे साठलंय ते एकदा उपसायला हवं. आणि एक सांगून ठेवतो, मी वकील नाही. जाहिरात खात्यातला जुना माणूस आहे. यापुढे वकिलाचं पत्र आलं तर त्यातली तारीख बघा आणि वकिलाकडेच जा. जर्मनीत ‘आबमानुंग’ म्हणजे वकिली तंबीचं पत्र आलं की मुदत चुकवणं फार महागात पडतं.

पत्रं तुम्हालाच का येतात याचं एक कारण इतकं साधं आहे की कुणी सांगत नाही: तुमचा पत्ता तिथे लिहिलेला असतो. जर्मनीत कमाईचं संकेतस्थळ चालवणाऱ्याला ‘इम्प्रेसुम’ द्यावाच लागतो, नाव, पत्ता, ईमेल सगळं. नियमित लेख देता म्हणून मजकुराची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नावही हवं. आपल्याकडे मासिकाच्या तळाशी ‘मुद्रक, प्रकाशक, संपादक’ अशी बारीक टाइपातली ओळ असते तसं. (तुमच्या इम्प्रेसुमात अजून ‘टीएमजी कलम ५’ असेल तर आजच बदला. मे २०२४ मध्ये तो जुना कायदा जाऊन डीडीजी हा डिजिटल सेवांचा कायदा आला.) तुमच्या पानावर कुकी ठेवणाऱ्या कंपनीची कचेरी कुठे आहे हे शोधायला पत्र पाठवणाऱ्याला आठवडा लागेल. तुमची दाराची घंटा दोन क्लिकवर आहे.

दुसरं कारण कायद्याच्या पोटात आहे. मी पुण्यात एका दैनिकाच्या जाहिरात खात्यात होतो तेव्हा एजन्सीकडून रिलीज ऑर्डर यायची. कुठलं पान, किती कॉलम सेंटिमीटर, काय दर, सगळं त्यावर. रात्री पान लागताना कोणती जाहिरात कुठे बसली हे आम्हाला तोंडपाठ असायचं, कारण चुकीच्या पानावर गेली की सकाळी शिव्या आम्हालाच. तुमच्या पानाचं तसं नाही. तुम्ही नुसती जागा सोडता. वाचकानं पान उघडलं की ती कोण भरणार हे परस्पर ठरतं, आणि जो येतो तो चित्र लावून निघून जात नाही. वाचकाच्या फोनमध्ये स्वतःची खूण ठेवतो, बरोबर आणखी चौघांना आणतो. त्यातल्या एकाशीही तुमची तोंडओळख नाही.

कायद्याचं म्हणणं, दार तुमचं आहे ना? मग कुणाला आत घेतलं ते तुम्ही सांगा.

फ्रान्समधल्या ‘ल फिगारो’चं उदाहरण घ्या. एवढं मोठं, जुनं वर्तमानपत्र. २०२१च्या जुलैमध्ये फ्रान्सच्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं त्याला ५० हजार यूरो दंड केला. वाचकानं काहीही दाबलं नसताना, काही वेळा तर स्पष्ट नकार दिल्यावरही, जाहिरातीतल्या भागीदारांच्या कुकी त्याच्या यंत्रात जात होत्या. कुकी परक्यांच्या, दंड वर्तमानपत्राला. त्याआधी २०१९ मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानं फॅशन आयडी नावाच्या जर्मन कपडे-दुकानाच्या खटल्यात हेच सूत्र घालून दिलं होतं. दुकानाच्या साइटवर फेसबुकचं ‘लाइक’ बटण होतं. बटण दाबा न दाबा, पान उघडताच माहिती फेसबुककडे निघायची. न्यायालय म्हणालं, ती गोळा करून पुढे धाडण्यापुरतं दुकान फेसबुकच्या बरोबरीनं जबाबदार आहे. पुढे फेसबुक त्या माहितीचं काय करतं, त्याला मात्र दुकान बांधील नाही. तेवढाच दिलासा.

आता तुमचे फॉन्ट. म्युनिकच्या जिल्हा न्यायालयानं २०२२च्या जानेवारीत एका साइटमालकाला वाचकाला १०० यूरो भरपाई द्यायला लावली. कारण साइटवरची अक्षरं गूगलच्या सर्व्हरवरून येत होती, त्यासाठी वाचकाचा आयपी पत्ता, म्हणजे त्याच्या यंत्राचा इंटरनेटवरचा क्रमांक, परवानगीशिवाय अमेरिकेत जात होता. निकाल एका माणसाचा, १०० यूरोचा. पण त्यावर धंदा उभा राहिला. त्या वर्षी जर्मनीभर १७० यूरोची पत्रं सुटली. डिसेंबरात बर्लिनच्या सरकारी वकिलांनी अशी पत्रं धाडणाऱ्या एका वकिलावर आणि त्याच्या अशिलावर छापे घातले. फसवणुकीच्या आणि खंडणीच्या प्रयत्नाचा संशय होता, प्रकरणं २४००हून अधिक. साइट शोधायला माणूस नव्हे, यंत्रच फिरत होतं असा तपासातला आरोप. तुमचं पत्र त्याच गठ्ठ्यातलं होतं की दुसऱ्या कुणाचं, मला माहीत असायचं कारण नाही, पण १७० हा आकडा वाचून मी मान डोलावली. पैसे गेले ते गेले. मला चिंता वेगळीच आहे: पैसे भरल्यावर फॉन्ट काढले का? तुम्ही त्याबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही.

हे तपासणं सोपं आहे, रविवारचीही वाट बघायला नको. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, एफ-१२ दाबा, ‘नेटवर्क’ असं लिहिलेल्या कप्प्यात जा आणि मग तुमचं पान उघडा. बॅनरला हात लावू नका. खाली भराभर ओळी पडतील, प्रत्येक ओळ म्हणजे तुमच्या पानानं कुणाकडून तरी काहीतरी मागवलंय. ज्या ओळीत तुमच्या संकेतस्थळाचं नाव नाही, ती कागदावर लिहा. मी एका ओळखीच्या मराठी मंडळाचं पान असं उघडलं तेव्हा गणपतीच्या वर्गणीच्या पानावर सतरा परकी नावं निघाली. अध्यक्षांना त्यातली दोन माहीत होती. एक नकाशा होता, एक यूट्यूबवरची आरती, एक कधीतरी लावलेला हवामानाचा चौकोन. उरलेली कुणी, कधी, कशासाठी लावली, ते सांगणारा कार्यकारिणीत कुणी उरला नव्हता.

देवनागरीचं दुखणं असं की बहुतेक मराठी पानांनी अक्षरं गूगलवरूनच घेतलेली असतात, कारण वर्षानुवर्षं तेच सोपं होतं. पण त्यासाठी गूगलला हात लावायची गरजच नाही. ‘मुक्त’ घ्या, मुंबईच्या एक टाइपनं केलेला फॉन्ट आहे, खुल्या परवान्याचा. फाइल उतरवून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा, काम संपलं. जोडाक्षरंही छान उठतात. यूट्यूबच्या रेसिपी नुसत्या चित्राच्या रूपात ठेवा. वाचकानं त्यावर टिचकी मारली तरच व्हिडिओ मागवला जाईल, अशी सोय करता येते. फेसबुकचं बटण असेल तर काढून तिथे साधा दुवा द्या. भेटी मोजण्यासाठी कुकी न ठेवणारं साधं साधन घ्या. एवढं केलंत तर बॅनरमध्ये विचारायला फक्त जाहिराती उरतील.

बॅनरकडे वळू. तुमच्या बॅनरचं चित्र तुम्ही पाठवलं नाही, पण पैज लावतो: ‘मान्य’ हिरवं आणि ठळक, ‘सेटिंग्ज’ राखाडी, आणि ‘नाही’ सेटिंग्जच्या आत कुठेतरी. असं असेल तर बदला. आधीच टिचकी मारून ठेवलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, हे युरोपीय न्यायालयानं २०१९च्या ऑक्टोबरातच सांगितलं, आणि तो खटलाही जर्मनीतल्या एका ऑनलाइन सोडतीच्या पानावरून उभा राहिला होता. २०२१च्या अखेरीस फ्रान्सनं गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी यूरो दंड केला तो याच कारणासाठी, की हो म्हणायला एक क्लिक आणि नाही म्हणायला अनेक. ते मोठे म्हणून त्यांना, असं समजू नका. मार्च २०२५ मध्ये हानोफरच्या प्रशासकीय न्यायालयानं लोअर सॅक्सनीतल्या एका माध्यम कंपनीला सुनावलं: ‘सर्व मान्य’ असं बटण देता, तर ‘सर्व नाकारा’ही तिथेच, पहिल्याच पडद्यावर दिसलं पाहिजे.

बॅनर नवऱ्यानं स्वतः लिहिलेला असेल तर आणखी एक अडचण. १६ जानेवारी २०२४पासून गूगलनं युरोपीय आर्थिक क्षेत्रात आणि ब्रिटनमध्ये अ‍ॅडसेन्स लावणाऱ्यांना अट घातली आहे की संमती घेणारं साधन गूगलनं प्रमाणित केलेलं हवं. नसेल तर जाहिराती आटतात. तुमचे पैसे कमी झाले त्यात याचाही वाटा असू शकतो, तेव्हा आधी हे बघा. मात्र प्रमाणित साधन लावलं म्हणजे आपण पावन झालो असं नाही. ही साधनं ज्या सामायिक पद्धतीवर चालतात तिच्यावरच बेल्जियममध्ये कारवाई झाली. वाचकाच्या हो-नाहीची जी सांकेतिक ओळ शेकडो कंपन्यांना जाते, तीसुद्धा व्यक्तिगत माहिती ठरू शकते असं युरोपीय न्यायालय मार्च २०२४ मध्ये म्हणालं, आणि पद्धत बनवणाऱ्या संघटनेचा अडीच लाख यूरोंचा दंड ब्रुसेल्सच्या न्यायालयानं २०२५ मध्ये कायम ठेवला.

आता पैसे कमी का होतात ते सांगतो, कारण यात तुमची चूक नाही. तुमचं पान उघडताना मागे लिलाव होतो, डोळ्याची पापणी लवायच्या आत. बोली लावणाऱ्याला वाचकाबद्दल जितकं ठाऊक तितकी बोली चढते: काल त्यानं वॉशिंग मशीन बघितलं, परवा विमानाचं तिकीट. वाचकानं ‘नाही’ म्हटलं की हे सगळं झाकलं जातं आणि तुमची जागा आंधळ्या बोलीनं जाते. बरं, त्या बोलीतलं तुमच्या पदरात किती पडतं? बाजार समितीत माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला विचारा. तिथे निदान अडत्या वेगळा, व्यापारी वेगळा, आवार वेगळं. इथे विकणाऱ्याचा अडत्या, घेणाऱ्याचा दलाल आणि लिलावाचं आवार, तिन्ही ठिकाणी गूगल. सप्टेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं त्याला २९५ कोटी यूरो दंड केला तो नेमका यासाठी, की आपल्याच आवाराला झुकतं माप दिलं. युरोपातल्या प्रकाशकांच्या परिषदेनं तक्रार केली होती. दंडाचा एक सेंटही प्रकाशकाला मिळत नाही, तो युरोपीय संघाच्या तिजोरीत जातो. तुमच्या हाती येण्यासारखं एवढंच, की मार्च २०२४पासून युरोपच्या डिजिटल मार्केट्स कायद्याखाली अशा बड्या मध्यस्थाला प्रकाशकानं मागितलं तर रोजच्या रोज, फुकट हिशेब द्यावा लागतो: तुम्हाला काय दिलं, मध्ये काय कापलं, आणि जाहिरातदाराची हरकत नसेल तर त्यानं किती मोजले. मागून बघा. मोबाइलच्या बिलाएवढ्या रकमेसाठी हा उपद्व्याप करायचा की नाही ते तुम्ही ठरवा. मी कुतूहलापोटी केला असता.

जर्मनीतली मोठी वर्तमानपत्रं यावर तोडगा म्हणून ‘पैसे भरा नाहीतर संमती द्या’ असं म्हणतात. ऑस्ट्रियाच्या ‘देर श्टांडार्ड’नं २०१८ मध्येच ते सुरू केलं. तुमच्या चाळीस हजार भेटींना तो झगा फार मोठा होईल. पोळीची कृती वाचायला आलेली बाई दारातच पैशाचं विचारलं की दुसरीकडे जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोगानं कुकीचे नियम सैल करण्याचा प्रस्तावही मांडला आहे. मांडला आहे, एवढंच. त्या भरवशावर आजचा बॅनर काढू नका.

उमेदवाराचं लवकर उरकतो. घेऊ नका. १० ऑक्टोबर २०२५पासून युरोपात राजकीय जाहिरातींचा वेगळा कायदा पूर्ण लागू झालाय. जाहिरातीवर ती राजकीय असल्याची पट्टी, पैसे कुणी दिले, किती दिले, कुठल्या निवडणुकीशी संबंध, हे सगळं वाचकाला दिसलं पाहिजे आणि नोंदी सात वर्षं जपायच्या. छोट्यांना काही सवलती आहेत, पण त्या समजून घ्यायलाही एक दुपार जाते. हा व्याप नको म्हणून गूगलनं आणि फेसबुकवाल्या मेटानं युरोपीय संघात राजकीय जाहिराती घेणंच थांबवलं. ज्या वाड्यातले पाटील उठून गेले तिथे आपण पथारी पसरू नये. उमेदवाराची मुलाखत घ्यायची असेल तर खुशाल घ्या, एक पैसा न घेता, आणि अवघड प्रश्न विचारा. ते संपादकीय काम, त्याला हा कायदा हात लावत नाही.

चूर्णालाही नकार, आणि इथे मी जरा रागावूनच लिहितोय. युरोपात खाण्याच्या कुठल्याही पदार्थाला ‘हा रोग बरा करतो’ असं म्हणता येत नाही, तसा स्पष्ट नियम आहे. मग विकणारा म्हणेल हे अन्न नव्हे, औषध आहे. छान, औषध असेल तर परवाना दाखव. दोन्हीकडून दार बंद आहे. जर्मन न्यायालयं दुसऱ्यानं दिलेल्या जाहिरातीतली प्रत्येक चूक प्रकाशकाच्या माथी मारत नाहीत. ढोबळ, सहज ओळखू येण्याजोगी चूक असेल तेव्हाच त्याला धरतात. पण ‘मधुमेह मुळापासून नाहीसा’ हे वाक्य ढोबळ नसेल तर काय आहे? आणि कायद्याचं राहू द्या. तुमचे वाचक परक्या गावात डॉक्टरची वेळ मिळायला आठवडेच्या आठवडे थांबणारे. त्यातला एखादा तुमच्यावरच्या विश्वासानं इन्शुलिन कमी करेल. पुण्यात आम्ही अशा जाहिराती छापायचो, त्याचे पैसे माझ्याही पगारात आले आहेत, म्हणून सांगतोय.

आता फराळ. टोमणा मारणाऱ्या वाचकाचा राग मानू नका, त्यानं तुमचं काम केलंय.

तुमच्याच गावची गोष्ट आहे. २००९च्या जूनमध्ये ‘स्टुटगार्टर वोखेनब्लाट’ या साप्ताहिकानं पैसे घेऊन दोन मजकूर छापले. एकात फुटबॉलच्या सामन्याला कोण कोण बडी मंडळी आली होती त्याच्या गप्पा होत्या. पैसे देणाऱ्याचं नाव लपवलं नव्हतं, ‘स्पॉन्सर्ड बाय’ असं लिहून ते ठळक छापलं होतं. पण तिथल्या राज्याच्या पत्रकायद्यात छापील मजकुरासाठी ठराविक शब्द सांगितलाय: ‘आन्त्सायगं’, म्हणजे जाहिरात. प्रतिस्पर्धी प्रकाशक न्यायालयात गेला, प्रकरण लक्झेंबर्गपर्यंत चढून परत आलं आणि २०१४ मध्ये कार्ल्सरूहेच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानं निकाल दिला: ‘स्पॉन्सर्ड बाय’ चालणार नाही. त्याच २००९ साली आपल्याकडे विधानसभेच्या निवडणुकीत ‘पेड न्यूज’ हा शब्द घराघरात पोचला, तेव्हा स्टुटगार्टात लोक एका शब्दासाठी पाच वर्षं भांडत होते याची मला गंमत वाटते. थोडा हेवाही.

तुम्ही म्हणाल, मी कुठे पैसे घेतले? डबा घेतलात. २०११ मध्ये ‘ग्रात्सिया’ मासिकाच्या जर्मन आवृत्तीनं पीक उंट क्लोपेनबुर्ग या कपड्यांच्या दुकानातल्या खरेदी-रात्रीवर दोन पानं छापली. दुकानानं पैसे दिले नाहीत, फोटो मात्र फुकट वापरायला दिले. (फिर्यादी कोण? दुसरी पीक उंट क्लोपेनबुर्ग. एकाच नावाच्या दोन कंपन्या आहेत, एक हाम्बुर्गची, एक ड्युसेलडोर्फची. आपल्याकडच्या ‘आमची कुठेही शाखा नाही’वाल्यांना हे चांगलं समजेल.) युरोपीय न्यायालय २०२१ मध्ये म्हणालं, मोबदला म्हणजे नोटाच असं नाही; मजकुराच्या बदल्यात आलेली, ज्याची किंमत होऊ शकते अशी कुठलीही गोष्ट मोबदला ठरते. फुकट फोटो मोबदला, तर चकल्या, करंज्या आणि अनारसे का नाहीत? त्याच महिन्यात कार्ल्सरूहेत रासबेरीच्या जॅमचा खटला निकाली निघाला. एका बाईंनी इन्स्टाग्रामवर जॅमचा फोटो टाकून त्यावरून कंपनीच्या खात्याकडे दुवा दिला होता, पैसे घेऊन, पण जाहिरात असं न लिहिता. हरल्या.

आणि जर्मनीत मे २०२२पासून गृहीतच उलटं आहे. तुम्ही कुणाच्या मालाचं कौतुक केलंत तर मोबदला घेतला असंच धरलं जातं. घेतला नाही हे तुम्ही पटवून द्यायचं. म्हणून विकत घेतलेल्या वस्तूबद्दल लिहिलंत तर बिल जपून ठेवा, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलात तरी हरकत नाही. फुकट आलेल्या वस्तूबद्दल लिहिलंत तर वर, पहिल्या ओळीच्याही आधी, ‘जाहिरात’ लिहा आणि शेजारी ‘आन्त्सायगं’ही लिहा. वाचकाला पहिला शब्द कळतो, वकिलाला दुसरा. ‘सप्रेम भेट’, ‘सौजन्य’, ‘विशेष सहकार्य’ हे आपले लाडके शब्द तिथे कामाचे नाहीत. दिवाळीचा लेख आज उघडा आणि ती पट्टी लावा. खाली त्या वाचकाला ‘बरोबर आहे, चुकलं’ असं दोन शब्दांत लिहा.

मग पैसे कुठून येणार? माझं उत्तर जुन्या पठडीतलं आहे, पण तुमच्या मापाचं आहे. लिलावात तुमचा वाचक अनोळखी ठरतो, कारण तिथे कुणाला मराठी वाचता येत नाही. पण पान मराठीत आहे, जर्मनीत राहणाऱ्यांसाठी आहे, आणि उघडलेला लेख भारतात पैसे कसे पाठवावेत यावर आहे, एवढं कळल्यावर जाहिरातदाराला वाचकाच्या फोनमध्ये डोकावून आणखी काय मिळणार? नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारकाची जाहिराती विकणारी संस्था ‘स्टेर’ हिनं २०२०पासून वाचकाच्या मागावर राहणाऱ्या कुकी सोडल्या, मजकूर बघून जाहिराती लावल्या, आणि त्यानंतरच्या महिन्यांत उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढलं. ते प्रचंड मोठे, सरकारी छत्राखालचे. तुमचं तसंच होईल असं वचन देत नाही. पण तुमच्या गावात भारतीय किराणा आहे, विमानाची तिकिटं काढून देणारा आहे, मराठी बोलणारा कर सल्लागार असेल. प्रत्येकाला महिन्याच्या ठोक दरानं एक स्थिर पट्टी विका. चित्र तुमच्या सर्व्हरवर, दुवा साधा, वर ‘जाहिरात’. त्या पट्टीपुरती कुणाची कुकी नाही, म्हणून त्यासाठी परवानगीही मागायला नको. एका कागदावर दरपत्रक करा. क्लिकवर पैसे कबूल करू नका, महिन्यावर करा. क्लिक मोजायचं म्हटलं की पुन्हा कुणाचं तरी यंत्र दारात येतं.

पहिलं गिऱ्हाईक कोण ते तुम्हाला सुचलं असेलच. काकूंना फोन करा. पण पहिला महिना फुकट म्हणू नका आणि त्या म्हणतील ‘पैशाचं काय गं, डबा पाठवते’, त्याला भुलू नका. पट्टीच्या बदल्यात डबा म्हणजे पुन्हा ग्रात्सियाच्या खटल्यात जाऊन बसणं. त्यांना पट्टीचं बिल द्या, रीतसर, क्रमांक घालून. आणि पुढच्या दिवाळीत फराळ त्यांच्याकडूनच विकत आणा, पावती घेऊन. चकली तेव्हाही खुसखुशीत असली तर तसं बेधडक लिहा.